रुमालाखालचा मोडेम

"ओळ सुटली तर मागं जाऊ नकोस, कुंदा. सुटली ती सुटली. पुढची धर."

अंबुताईंनी हे मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आम्ही कऱ्हाडच्या दत्ताच्या देवळात सभामंडपात बसलो होतो आणि माझ्या तोंडातली नावं कुठल्या कुठं पळाली होती. देवाच्या हजार नावांचं स्तोत्र. सगळ्या बायका एका सुरात म्हणत पुढं निघालेल्या आणि मी आपली हरवलेलं नाव शोधत मागंच. ताईंनी डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर बोट आपटलं, श्वासाच्या फटीत एवढं बोलल्या आणि पुन्हा ओळीत शिरल्या.

पुढं त्यांचा आवाज थकला, तेव्हा त्यांनी मला आपल्या उजव्या हाताला बसवलं. म्हणाल्या, आजपासून पुढची ओळ तुझी. म्हणजे माझा आवाज पुढं राहायचा आणि बाकीच्यांनी त्याला धरून यायचं. ती जागा मग माझ्याकडेच राहिली. 'चांगलं म्हटलंस' असं मात्र ताई मला कधी म्हणाल्या नाहीत. कौतुक करणं त्यांच्या स्वभावातच नाही, असं मी धरून चालले होते.

मग ते कोरोनाचं वर्ष आलं. देऊळ बंद झालं. ताईंना त्यांची मुलगी जयू पुण्याला घेऊन गेली. आमच्या मंडळातल्या वाकणकर वहिनी मोठ्या हौशी, त्यांनी भाच्याकडून शिकून घेऊन रोज तिन्हीसांजेला मीटिंग सुरू केली. आपापल्या घरी दिवा लावायचा, टॅब नाहीतर मोबाईल समोर ठेवायचा आणि लिंक उघडून बसायचं. सगळ्यांनी एकदम म्हटलं की नुसता कल्लोळ व्हायचा, कारण एकीचा आवाज दुसरीकडे पोचेपर्यंत ती पुढच्या ओळीवर गेलेली असायची. म्हणून ठरलं, की पुढची ओळ म्हणणारीचाच माईक चालू राहील, बाकीच्यांनी आपला बंद ठेवून म्हणायचं. पडद्यावर बघितलं तर सगळ्यांचे ओठ वेगवेगळ्या ओळींवर हलताना दिसायचे. त्याची आम्हाला सवय होऊन गेली.

आमच्याकडे केबलवाल्या मुजावरांचं इंटरनेट होतं. त्यांचा तो काळा मोडेम हॉलमध्ये टीव्हीशेजारी होता. धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल विणून घातला होता आणि दसऱ्याला त्याला हळदकुंकूही वाहत होते. ह्यांच्या क्रिकेटच्या बातम्यांपुरता तो बरा चालायचा. पण स्तोत्र सुरू झालं की दहा-वीस नावांनंतर माझा आवाज तुटायला लागायचा.

"कुंदाताई, मधली नावं गायब होतायत हो," एक दिवस वाकणकर वहिनी म्हणाल्या. "पाण्यातून बोलल्यासारखं येतंय. नेट नीट होईपर्यंत सुखदाला म्हणू दे का? तिचं अगदी खणखणीत आहे."

सुखदा आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायची. मंडळात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. जोडाक्षरं अडली की माझ्याच दारात पोथी घेऊन उभी राहायची. मी म्हटलं, म्हणू दे की, त्यात काय.

त्या संध्याकाळी मी माझा माईक बंद करून बसले. सुखदाचं चित्र इतकं लख्ख होतं की तिच्या गजऱ्यातली कळीन् कळी मोजावी. मागं समई, समईमागं पितळी देव्हारा, सगळं घासूनपुसून मांडलेलं. आवाज तर जणू माझ्याच घरात बसून म्हणतेय असा. श्वास चुकीच्या ठिकाणी घेत होती, पण ते कळणारं पडद्यावर फारसं कुणी नव्हतं. स्तोत्र संपलं, सगळ्यांनी हात जोडले आणि ताई पुण्याहून म्हणाल्या, "सुखदा, स्पष्ट म्हणतेस हो. एकेक अक्षर कळतं."

मी टॅब बंद केला आणि देवापुढचा दिवा सारखा करत राहिले. तो सारखाच होता.

जेवताना ह्यांना म्हटलं, आपला तो नेटचा डबा बदलायचा का. हे ताटातून मान वर न करता म्हणाले, की मला तर चालतो. मी म्हटलं, तुम्हाला चालतो, मला चालत नाही. तेव्हा मान वर झाली. इतक्या वर्षांच्या संसारात मी स्वतःहून एखादं यंत्र मागितल्याचं त्यांना आठवत नसावं.

दुसऱ्या दिवशी मुजावर येऊन बघून गेले. मास्क हनुवटीवर ओढून त्यांनी आधी माझा क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलला आणि विचारलं, "काकू, ह्याला थंडी वाजते का?" गरम होतो म्हणाले, झाकू नका. आणि हा डबाच आता जुना झाला, नव्या जातीचा येतो तो बसवू, कोल्हापूरहून मागवायला लागेल. रुमाल काढून मी घडी करून ठेवला. आवाज थोडाही सुधारला नाही.

तोवर पितृपक्ष संपत आला होता आणि लगेच अधिक महिना लागणार होता. अधिकात माझे नेम असतात. एकभुक्त राहते, रोज दीपदान करते, पूजा होईपर्यंत मौन पाळते, आणि महिनाभर नवी वस्तू घरात आणत नाही. हे सगळं ह्यांना पाठ आहे.

"दसऱ्याला घेऊ की," हे म्हणाले. "मुहूर्तही आहे."

"दसऱ्यापर्यंत अधिक संपून जाईल. रोजचं स्तोत्र अधिकातच आहे."

"मग नवी वस्तू?"

"ती आपली कुठं असते? मोडेम केबलवाल्याचाच असतो. आपण फक्त वापरायचा आणि नको झाला की परत द्यायचा."

हे म्हणाले, "असं म्हणतेस? मग अधिकात भाड्याची गाडी आणून दारात उभी केली तरी चालेल."

मी मुजावरांना फोन लावला आणि मागवा म्हणून सांगितलं.

सुखदा एकदा दारात येऊन गेली. तेव्हा कुणी कुणाच्या घरात जात नव्हतं, ती उंबऱ्याच्या पलीकडे मास्क लावून उभी राहिली. म्हणाली, "ताई, डबा येईपर्यंत आमचा पासवर्ड घ्या की. समोरच तर आहे." ह्यांनी तिथल्या तिथं घेऊनही बघितला. तिचं नेट आमच्या घरात फक्त मोरीपाशी पोचत होतं. आता हजार नावं मोरीत बसून कशी म्हणायची. सुखदा हसली, मीही हसले. मग ती म्हणाली, की काल ताईंचा फोन आला होता, बराच वेळ बोलत होत्या. मी विचारलं, काय म्हणाल्या. "काही नाही हो. सावकाश म्हणत जा म्हणाल्या. आणि पुन्हा म्हणाल्या, अक्षर कळतं तुझं."

माझ्याकडे ताईंचा फोन आला नव्हता. मीही केला नव्हता.

मी तिला सांगितलं, की नवा मोडेम येतोय, तो काही आपला नसतो म्हणून अधिकातही चालतो, आणि आला की पुढची ओळ मी पुन्हा घेईन. "घ्याच," ती म्हणाली. "मला तर दडपणच येतं." तिचे डोळे तेवढे मास्कच्या वर दिसत होते. त्या डोळ्यांत मला दडपण काही दिसलं नाही.

अधिक लागला. रोज तिन्हीसांजेला मी दिवा लावायची, टॅब देव्हाऱ्यापाशी टेकवायची, माईक बंद करायची आणि सुखदाच्या मागून म्हणायची. तिचा श्वास कुठं चुकतो त्याची वाट बघत म्हणायची. ओठांवर देवाचं नाव असायचं आणि कान तिच्या चुकीवर.

एका संध्याकाळी वात सारखी करताना हाताला तेल लागलं होतं. पदराला बोटं पुसून मी टॅबवर दाबलं, ते बहुधा लागलंच नाही. मी डोळे मिटून म्हणायला लागले. आमच्या जुन्या डब्यातून सुखदाचा आवाज माझ्यापर्यंत उशिरा यायचा, मी त्याच्यामागून म्हणायची, आणि माझा आवाज परत जायला आणखी उशीर. त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक, तुटला मात्र नाही. पहिल्या शंभर नावांच्या आसपास मी डोळे उघडले. पडद्यावर ताई दिसल्या. डोळे मिटलेले, चेहरा अगदी देवळातल्यासारखा, ओठ संथ चाललेले. बऱ्याच दिवसांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

तेवढ्यात वाकणकर वहिनींचा आवाज आला. "थांब जरा, सुखदा. कुणाचा तरी माईक चालू आहे. मागून एक ओळ येतेय सारखी."

सुखदा थांबली. वहिनींनी पडद्यावर शोधलं असावं. "कुंदाताई, तुमचाच. अहो, तुमचं म्हणणं शिळं होऊन येतंय आमच्याकडे."

दोघीतिघी हसल्या. त्यांच्या माईकवर ते ऐकू आलं नाही, पण तोंडं दिसली. सुखदा हसली नाही, तिनं मान खाली घातली. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. मी हात जोडून माफी मागितली आणि माईक बंद केला. पुन्हा सुरू झालं. मी ताईंकडे बघितलं. त्यांनी डोळे उघडले होते आणि त्या काचेत इकडेतिकडे काहीतरी शोधल्यासारखं बघत होत्या. ओठ एकदोनदा हलले आणि थांबले. मग त्यांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत. नाराज झाल्या, मला वाटलं. त्यांच्या समोर माझी शोभा झाली.

त्या रात्री मी ह्यांच्याकरवी मुजावरांना पुन्हा विचारलं. परवा सकाळी घेऊन येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. हॉलमधल्या कोपऱ्यातला जुना, वायरचा. तो फक्त ह्यांचे मित्र आणि चुकीचे नंबर वापरायचे. मी उचलला.

"कुंदा का?"

ताईंचा आवाज. मी उभीच राहिले. त्यांनी प्रकृती विचारली, ह्यांची चौकशी केली, उपास झेपतोय का विचारलं. मग म्हणाल्या, "काल तुझा आवाज मागून येत होता."

"चुकून चालू राहिला, ताई. क्षमा करा."

"बंद का केलास?"

मला कळेना. मी म्हटलं, सगळ्यांना त्रास होत होता, दोन आवाज एकदम.

"सगळ्यांना होत असेल." मागं कुठं तरी जयूच्या घरातला मिक्सर फिरत होता, तो थांबेपर्यंत त्या थांबल्या असाव्यात. मग आवाज आणखी खाली आला. "सुखदाचा आवाज तुझ्यापेक्षा चांगला आहे, कुंदा. खोटं कशाला बोलू. पण तो मला सोडून जातो. ती एक नाव म्हणते, मला ते ओळखू येईपर्यंत दुसरं आलेलं असतं. काल तू मागून आलीस. तिचं सुटलं की तुझं हाताला लागत होतं."

मी म्हटलं, "ताई, तुमचं तर पाठ आहे सगळं."

"होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"सुरुवातीची येतात," त्या म्हणाल्या. "मग पुढं नुसते ओठ हलवते. पडद्यावर कुणाला कळत नाही. सगळ्यांचेच ओठ कुठं तरी असतात. देवळात असते तर दुसऱ्याच दिवशी पकडली असतीस तू मला."

जयूला सांगितलंत का, मी विचारलं. नाही, म्हणाल्या. सांगितलं की ती डॉक्टर शोधेल, मग रोज सकाळी, आज वार कोणता, म्हणून विचारेल. काही दिवस तरी मला माझ्या स्तोत्रात बसू दे. (जयूला हे सगळं नंतर कळलं, ताईंनीच सांगितलं. ताई गेल्यावर तिनंच मला म्हटलं, मावशी, आता लिहा. म्हणून लिहिते आहे.)

"कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"तुझ्याकडे नवा डबा येतोय म्हणे. सुखदा सांगत होती."

"उद्या."

"मग तू पुढं म्हणशील."

मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. त्यांनीही पुढं काही मागितलं नाही. त्यांनी मागितलं असतं तर सोपं होतं. "बरं आहे," म्हणाल्या. "श्वास जपून घे. तुझा शेवटी शेवटी आखूड होतो."

त्या फोन ठेवणार इतक्यात मी म्हटलं, "ताई, संध्याकाळी टॅब समोर असला तरी फोन कानाशी धरून बसता येईल का तुम्हाला? साधा फोन. मी करीन. मागून म्हणेन."

मला वाटलं, लाईन गेली.

"रोज?"

"अधिक संपेपर्यंत. मग पुढचं पुढं."

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज जयू घरीच आहे. उद्यापासून कर. तिन्हीसांजेला ती चालायला जाते."

फोन ठेवला. त्या संध्याकाळी मी माईक बंद करून बसले आणि ताईंच्या ओठांकडे बघत राहिले. ते कितव्या नावापाशी नुसतेच हलायला लागले, ते मला कळलं. मग मी बघायचं सोडलं. स्तोत्र झाल्यावर वाकणकर वहिनी म्हणाल्या, "उद्या कुंदाताईंचा नवा डबा येतोय बरं का. उद्यापासून पुन्हा आपल्या जुन्या आवाजात." सगळ्यांनी पडद्यावर टाळ्या वाजवल्या. सुखदानंही. तिच्या टाळ्या जरा लवकर थांबल्या, आणि ते बघून मला बरं वाटलं. एवढं सगळं कानावर पडल्यानंतरही बरं वाटलं.

सकाळी मुजावर आले, तेव्हा मी देवापुढं गंध उगाळत होते. मौन चालू होतं. हे त्यांना आत घेऊन आले. पांढरा, पसरट, चार शिंगांचा डबा, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"आला बघ तुझा," हे दारातून म्हणाले. "बसवायचा ना?" मग मुजावरांकडे वळून, "बोलायची नाही ती. मौनात आहे."

"असू द्या, काका. मान हलवली तरी चालेल."

"आणि हा तुमचाच ना? म्हणजे आमचा नाही? ती म्हणते म्हणून विचारतो."

"आमचाच. तुम्ही फक्त वापरायचा."

"झालं तर मग. शास्त्रात बसलं."

मी सहाणेवरून हात काढला. पडद्यावरचा सुखदाचा तो घासलेला देव्हारा डोळ्यांपुढं आला, आणि टाळ्या. एवढं एक यंत्र भिंतीला लागलं की संध्याकाळी सगळ्या माझ्या मागून येणार होत्या.

मी मान हलवली. नको.

"नको?" हे म्हणाले. "अगं, तूच तर मागं लागलीस. मुजावरांना कोल्हापूरहून आणायला लावलंस. अधिकात चालतं म्हणून मला पटवलंस. मी इतके दिवस तेच घोकतोय, आणि आता नको?" मला उत्तर देता येत नव्हतं आणि ह्यांना अशी संधी वर्षानुवर्षं मिळाली नव्हती, त्यामुळे ते आणखी बरंच बोलले. कुणी काही बोललं का, सुखदाशी वाजलं का, की परवा सगळ्या हसल्या त्याचा राग धरून बसलीस. मुजावर पिशवी हातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

मी उठले. कपाटातून क्रोशाचा रुमाल काढला, हॉलमध्ये गेले आणि काळ्या डब्यावर पुन्हा घातला. कडा चारी बाजूंनी सारख्या केल्या.

"गरम होतं, काकू," मुजावर हळूच म्हणाले.

मी हात जोडले. ते समजले आणि गेले.

पूजा आटोपून मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले, तर सुखदा तिच्या दारात उभी. मुजावरांना पिशवीसकट खाली उतरताना तिनं बघितलं होतं.

"घेतला नाहीत, ताई?"

"नाही गं. अधिकात नवी वस्तू नको वाटली."

"पण तो तर केबलवाल्याचा असतो ना? तुम्हीच म्हणाला होतात."

"असतो. पण येतो तर आपल्याच घरात."

मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि त्यातला आनंद लपवायला तिला जमलं नाही. "मग मीच म्हणू का अजून?" तिनं विचारलं.

"तूच म्हण." तांब्यातलं उरलेलं पाणी मी कुंडीत घातलं. "फक्त सावकाश म्हण. प्रत्येक नाव पुरं होऊ दे. आणि ओळीच्या मधे श्वास घेऊ नकोस, आधी घे. घाईत मागच्यांना धरता येत नाही."

"ताईही तेच म्हणाल्या होत्या."

"म्हणाल्या असतील."

दुपारी ह्यांच्या मोबाईलवर वाकणकर वहिनींचा निरोप आला, की कुंदाताई रुसल्या का. हे वाचून दाखवताना माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, सांगा, अधिक आहे. त्यांनी तेवढंच टाइप केलं.

तिन्हीसांज झाली. मी दिवा लावला, टॅब देव्हाऱ्यापाशी टेकवला आणि लिंक उघडली. सुखदा आली होती, नवा गजरा घालून. एकेक चौकट उघडत गेली. शेवटच्या चौकटीत ताई आल्या. उजव्या हातात त्यांनी काहीतरी पदराखाली धरलं होतं. मी माईक बंद केला, नीट लागला का ते दोनदा बघितलं.

मग टॅब उचलून हॉलमध्ये आणला, जुन्या फोनच्या स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवला, आवाज बारीक केला. हे पेपरमागून बघत होते. "तिथं काय बसतेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इथं वारा बरा येतो.

देव्हाऱ्यापुढचा पाट उचलून मी फोनपाशी घातला आणि नंबर फिरवायला लागले.